वाटणी कोणी केली? ४८ कोअरच्या लिनक्स पेपरचं चिकित्सक वाचन

सिस्टिम्समध्ये संशोधन करायचं ठरवून तुम्ही वाचायला बसलात, की पहिल्या महिनाभरातच एक वाक्य तुम्हाला दहा ठिकाणी भेटेल: ‘आमची रचना इतक्या इतक्या कोअरपर्यंत स्केल होते.’ सोबत एक आलेख असतो. आडव्या अक्षावर कोअरची संख्या, उभ्या अक्षावर सेकंदाला हाताळलेल्या विनंत्या, आणि दोन रेषा. लेखकांची रेषा वर जात राहते, जुन्या लिनक्सची मध्येच वाकते. आपण मान डोलावतो आणि पुढच्या पेपरकडे वळतो.

आज मला या मान डोलावण्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी वाईट पेपर घेतलेला नाही. वाईट पेपरमधल्या चुका कोणालाही सापडतात. मी घेतलाय तो या विषयातला मला सगळ्यात जास्त आवडणारा पेपर: २०१० च्या ओएसडीआय परिषदेतला ‘ॲन ॲनालिसिस ऑफ लिनक्स स्केलेबिलिटी टू मेनी कोअर्स’. सायलस बॉइड-विकायझर आणि त्यांचे सहकारी, अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. माझं म्हणणं एका ओळीत सांगते. नेटवर्क स्टॅक अनेक कोअरवर चालवणं म्हणजे वाटणी करणं. आणि पेपर वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही वाटणी कर्नलने केली, कार्डाने केली, की प्रयोग मांडणाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती?

अडचण नेमकी कुठे आहे

आधी पॅकेटचा प्रवास पाहू. पॅकेट आलं की नेटवर्क कार्ड ते मेमरीत ठेवतं आणि एका कोअरला इंटरप्ट देतं. तो कोअर आयपीचं आणि टीसीपीचं काम करतो, पॅकेट कुठल्या सॉकेटचं आहे ते शोधतो आणि त्या सॉकेटच्या रांगेत लावतो. पुढे अपाचीसारखा प्रोग्रॅम ते तिथून उचलतो, आणि तो कदाचित दुसऱ्याच कोअरवर चालत असतो. वाटेत बऱ्याच सामायिक गोष्टींना हात लागतो: सॉकेटची स्थिती, राउटिंगची नोंद, ती नोंद किती जण वापरताहेत याचा आकडा, टीसीपीने एकूण किती मेमरी घेतली याचा हिशोब.

‘सामायिक गोष्ट म्हणजे लॉक, आणि लॉक म्हणजे थांबणं’ असं आपण अभ्यासक्रमात शिकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. जरा हिशोब करू. १० गिगाबिटच्या तारेवरून सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सलग आल्या तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात. म्हणजे एका फ्रेममागे ६७ नॅनोसेकंद. २.४ गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्या वेळात साधारण १६० सायकल मिळतात.

आता समजा, राउटिंगच्या एकाच नोंदीवर एक आकडा आहे. पॅकेट आलं की तो एकने वाढवायचा, काम झालं की कमी करायचा. लॉक नाही, एकच ॲटॉमिक सूचना. पण आकडा बदलायचा तर तो ज्या कॅश लाइनमध्ये आहे, ती बदलणाऱ्या कोअरकडे एकट्याच्या ताब्यात यावी लागते. एका कोअरकडून दुसऱ्याकडे ती जायला २०० सायकल लागतात असं धरा. लाइन एका वेळी एकाच कोअरच्या ताब्यात असणार, म्हणजे अख्ख्या मशीनला मिळून सेकंदाला १ कोटी २० लाख बदल. दर पॅकेटमागे दोन वेळा लाइन हलली, तर फक्त ६० लाख पॅकेट. कोअर ८ असोत की ४८, ही मर्यादा तसूभर हलत नाही. एकही लॉक न घेता आपण अख्खं मशीन एका आकड्यासमोर रांगेत उभं केलं!

हा हिशोब तुम्ही स्वतः कागदावर एकदा करा. यापुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पेपरने काय केलं

तेव्हाचा वाद असा होता: कोअर वाढत चाललेत, तर लिनक्ससारखी जुनी घडण टिकेल का, की ऑपरेटिंग सिस्टिमची मांडणीच मुळापासून बदलावी लागेल? २००८ मध्ये याच संस्थेतून ‘कोरी’ आली होती. २००९ मध्ये ईटीएच झुरिक आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांची ‘बॅरलफिश’ आली. तिच्यात प्रत्येक कोअरवर स्वतंत्र कर्नल आणि त्यांच्यात निरोपांची देवघेव. २०१० च्या पेपरने उलटा रस्ता धरला. आहे तेच लिनक्स घ्या, ४८ कोअरच्या एएमडी मशीनवर सात खरे प्रोग्रॅम चालवा, आणि जिथे अडेल तिथे दुरुस्ती करा. जीमेक सोडून बाकी सगळे प्रोग्रॅम कर्नलमध्ये कुठे ना कुठे अडले. सगळ्या दुरुस्त्या मिळून ३००२ ओळी. निष्कर्ष असा, की निदान स्केल होण्याच्या कारणासाठी तरी जुनी घडण टाकून द्यायची वेळ अजून आलेली नाही.

नेटवर्कच्या बाजूच्या दुरुस्त्या वाचताना आपलाच मघाचा हिशोब डोळ्यांसमोर येतो. राउटिंगच्या नोंदीवरच्या आकड्यासाठी त्यांनी ‘स्लॉपी काउंटर’ आणला. मध्यवर्ती आकडा एक, आणि प्रत्येक कोअरच्या खिशात थोडी सुटी चिल्लर. कोअरला संदर्भ हवा असेल तर आधी स्वतःच्या खिशातून घ्यायचा, परत करायचा तोही खिशातच. खिसा रिकामा झाला किंवा फार फुगला तरच मध्यवर्ती आकड्याला हात लावायचा. पॅकेटचे बफर प्रत्येक कोअरचे वेगळे केले. नेटवर्क उपकरणाच्या रचनेत नुसती वाचली जाणारी आणि सतत बदलणारी फील्ड एकाच कॅश लाइनवर नांदत होती, ती वेगळी केली. नवी कनेक्शन स्वीकारण्यासाठी एका सॉकेटला एकच रांग होती, तिथे प्रत्येक कोअरची वेगळी रांग आली. कार्डाला सांगितलं, की पॅकेटच्या हेडरचा हॅश काढून कुठल्या कोअरकडे द्यायचं ते ठरव, म्हणजे एका कनेक्शनची सगळी पॅकेट पहिल्या हस्तांदोलनापासून एकाच कोअरकडे जातील.

यातली एकही गोष्ट चमकदार नाही, आणि मला तेच आवडतं. लेखकांच्या प्रामाणिकपणाच्या तीन जागाही नोंदवून ठेवते. एक, त्यांच्या आलेखात उभ्या अक्षावर एकूण थ्रूपुट नाही, दर कोअरमागचं थ्रूपुट आहे. एकूण थ्रूपुटची रेषा चढती असली की डोळा फसतो. दर कोअरमागची रेषा आडवी राहिली तरच स्केल झालं म्हणायचं, आणि ती जराशी घसरली तरी लपत नाही. दोन, मूळ लिनक्सवर एकाच पोर्टवरचा अपाची फारच वाईट चालत होता, म्हणून तुलनेसाठी त्यांनी मूळ लिनक्सला प्रत्येक कोअरवर वेगळ्या पोर्टवरच्या वेगळ्या प्रतीची सवलत दिली आणि स्वतःच्या कर्नलवर मात्र एकच प्रत चालवली. प्रतिस्पर्ध्याला झुकतं माप देणारे पेपर थोडेच. तीन, आपला निष्कर्ष अंदाजाच्या स्वरूपाचा आहे हे त्यांनी सारांशातच सांगून टाकलं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार: वाटणी आधीच झालेली होती

मेमकॅश्डचा प्रयोग बघा. मेमकॅश्डच्या आतच एक सामायिक लॉक होता. तो आड येऊ नये म्हणून लेखकांनी प्रत्येक कोअरवर वेगळं मेमकॅश्ड, वेगळ्या पोर्टवर चालवलं. कुठली विनंती कुठल्या प्रतीकडे हे क्लायंट ठरवणार. कर्नल तपासायचा म्हणून हे योग्यच आहे. पण मग या आलेखातून काय सिद्ध झालं? शेजारी शेजारी चालणारी, एकमेकांशी काहीही देणंघेणं नसलेली ४८ दुकानं एका कर्नलमध्ये सुखाने राहू शकतात, एवढंच. एकच मोठं दुकान ४८ हातांनी चालवता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि या प्रयोगात तो विचारलेलाच नाही.

प्रत्यक्षात की-व्हॅल्यू साठ्यावर भार कधीच सारखा नसतो. एखादी की सगळ्यांनाच हवी असते, आणि ती ज्या प्रतीकडे आहे तो कोअर घामाघूम होतो तेव्हा शेजारचा कोअर रिकामा बसलेला असतो. वाटणी जितकी पक्की, तितकी ही विषमता बोचते. अपाचीचंही तसंच. सगळे क्लायंट ३०० बाइटची एकच फाइल मागत होते, म्हणजे प्रत्येक विनंतीला जवळपास तेवढंच काम. अशा भारात हॅशने केलेली वाटणी आपोआप न्याय्य निघते.

दुसरी तक्रार: कार्ड आधी संपलं

पेपरच्या शेवटी एक तक्ता आहे: दुरुस्त्यांनंतर कोण कुठे अडतंय. मेमकॅश्डपुढे नाव आहे कार्डाच्या पाठवायच्या रांगांचं, अपाचीपुढे कार्डाच्या घ्यायच्या रांगांचं. अपाचीत ३६ कोअरनंतर कार्डच भार पेलेनासं झालं. लेखक म्हणतात, आता अडथळा कर्नलमध्ये नाही, हार्डवेअरमध्ये आहे.

वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ जपून घ्या. गल्लीच्या तोंडाशीच रस्ता अरुंद असेल तर आतला रस्ता किती रुंद आहे हे मोजता येत नाही. ‘कर्नल मोकळा झाला’ आणि ‘कर्नलच्या पुढच्या अडथळ्यापर्यंत आपण पोचलोच नाही’ या दोन शक्यता या प्रयोगातून वेगळ्या करता येत नाहीत. म्हणजे नेटवर्क स्टॅकपुरता तरी हा निष्कर्ष ४८ कोअरचा नाही, त्या कार्डाने जिथवर जाऊ दिलं तिथवरचा आहे. स्वतःचा प्रयोग मांडाल तेव्हा ‘आधी काय संपलं’ हे लिहून ठेवा; जे संपलं त्याच्या पलीकडचं काहीही तुम्ही सिद्ध केलेलं नसतं.

तिसरी तक्रार: वाट पाहणारा कोणी मोजला नाही

थ्रूपुट म्हणजे सेकंदाला किती झालं. एखाद्या विनंतीला किती थांबावं लागलं हे त्यात दिसत नाही. टोलनाक्यावर प्रत्येक खिडकीची वेगळी रांग असते. तासाला किती गाड्या गेल्या हा आकडा उत्तम येईल, पण तुमच्या पुढच्या ट्रकवाल्याने सुट्या पैशांवरून हुज्जत घातली तर शेजारची खिडकी मोकळी असूनही तुम्ही अडकलात. सगळ्या खिडक्यांना मिळून एकच रांग असती तर असं झालं नसतं. पण मग ती एकच रांग म्हणजे पुन्हा तोच सामायिक आकडा, तीच इकडून तिकडे धावणारी कॅश लाइन.

या विषयाचा सगळा पेच इथे आहे. वाटणी केली की कॅश खूश, पण रांगा असमान. एकत्र ठेवलं की रांग न्याय्य, पण कॅश लाइनची ओढाताण. लेखकांना हे ठाऊक होतं. त्यांच्या रचनेत स्वतःची रांग रिकामी असलेला कोअर दुसऱ्याच्या रांगेतलं कनेक्शन उचलतो. पण सारख्या भारात त्याची गरज फारशी पडत नाही, त्यामुळे त्याची खरी परीक्षाही झाली नाही.

उत्तरं कुठून आली

गंमत अशी, की या पेपरवरची सगळ्यात नेमकी टीका याच गटाने पुढे स्वतः लिहिली. २०१२ च्या युरोसिसमध्ये पेस्टेरेव्ह, झेल्डोविच आणि मॉरिस (तिघेही २०१० च्या पेपरचे लेखक) यांनी जेकब स्ट्रॉससोबत ‘ॲफिनिटी-ॲक्सेप्ट’ मांडलं. मुद्दा असा: एका कनेक्शनचं येणारं काम एका कोअरवर आणि जाणारं काम दुसऱ्या कोअरवर होत असेल, तर त्या कनेक्शनची स्थिती दोन कॅशमध्ये हेलपाटे घालते. म्हणून सगळं एकाच कोअरवर ठेवा. आणि भार असमान झाला तरच, तेवढ्यापुरती कार्डाची वाटणी बदला. तशाच ४८ कोअरच्या मशीनवर, अपाचीसाठी टीसीपी स्टॅकमधला वेळ ३० टक्क्यांनी कमी झाला आणि एकूण थ्रूपुट २४ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे २०१० मध्ये ‘मोकळ्या’ वाटलेल्या रस्त्यावर अजून बरंच अडकलेलं होतं.

२०१३ मध्ये क्लेमंट्स, काशुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून खोल प्रश्न विचारला: अडथळा कर्नलच्या कोडमध्ये नसून इंटरफेसमध्येच असेल तर? पॉसिक्सचा नियम सांगतो, की नवी फाइल उघडली किंवा नवं कनेक्शन स्वीकारलं की सगळ्यात लहान मोकळा क्रमांक द्यायचा. एकाच प्रोसेसमधले दोन थ्रेड दोन कोअरवर एकाच वेळी दोन कनेक्शन स्वीकारतात, तेव्हा कोणाला ७ आणि कोणाला ८ हे ठरवायला दोघांना एकमेकांकडे बघावंच लागतं. कुठलाही मोकळा क्रमांक चालेल असं म्हटलं असतं, तर प्रत्येक कोअरने स्वतःच्या गठ्ठ्यातला काढून दिला असता. त्यांचा नियम असा: दोन क्रियांचा क्रम बदलला तरी बाहेरून फरक कळत नसेल, तर त्या क्रिया स्केल होतील अशा रीतीने लिहिता येतात. २०१० च्या प्रयोगात हा अडथळा का दिसला नाही? कारण अपाची प्रत्येक कोअरमागे एक प्रोसेस अशा मांडणीत चालत होता, आणि प्रत्येक प्रोसेसचा क्रमांकांचा तक्ता वेगळा. पुन्हा तेच: वाटणी मांडणीतच झालेली होती.

मुख्य लिनक्समध्ये २०१३ च्या ३.९ आवृत्तीत ‘एसओ_रीयूजपोर्ट’ आलं. एकाच पोर्टवर अनेक सॉकेट ऐकू शकतात, कुठल्या सॉकेटला कनेक्शन द्यायचं ते कर्नल हॅशने ठरवतं. लॉकची गर्दी गेली, पण टोलनाक्याची अडचण आली: हॅशने एकदा ज्या रांगेत टाकलं तिथून सुटका नाही, शेजारची प्रोसेस रिकामी असली तरी. आणि हेच चक्र संशोधनातही पुन्हा फिरलं. २०१४ च्या ‘आयएक्स’ने प्रत्येक कोअरला सगळं वेगळं दिलं, २०१७ च्या ‘झायगॉस’मध्ये त्यातलेच दोन लेखक म्हणाले, की कामं लहानमोठी असतील तर अशा वाटणीत सगळ्यात उशिरा मिळणाऱ्या उत्तरांचा वेळ फार वाढतो, म्हणून रिकाम्या कोअरला दुसऱ्याचं काम उचलू द्या.

मग तुम्ही काय करायचं

यातून २०१० चा पेपर चुकीचा होता असा अर्थ काढू नका. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने चोख दिलं. घोटाळा आपण करतो. ‘लिनक्स ४८ कोअरपर्यंत स्केल होतं’ एवढंच वाक्य उचलतो, आणि ज्या अटींवर ते खरं आहे त्या पेपरातच सोडून येतो. त्यावर पुढचं काम उभं राहतं, आणि तुमच्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी खरा, वाकडातिकडा भार आला की कळतं, की आपण सोडवलेला प्रश्न कोणाचाच नव्हता.

म्हणून असा पेपर हातात आला की मी समासात चार गोष्टी लिहिते, तुम्हीही लिहा. कुठली सामायिक गोष्ट काढली? ती कोणी काढली: कर्नलने, कार्डाने, प्रोग्रॅम बदलून, की मांडणीतच? भार मुद्दाम वाकडा केला तर काय होईल? आणि एका कोअरचा आकडा कुठल्या कर्नलचा आहे? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. २००६ मध्ये राइस विद्यापीठाच्या विलमन, रिक्सनर आणि कॉक्स यांनी समांतर नेटवर्क स्टॅकच्या तीन घडणी तपासल्या. एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलच्या तुलनेत तिन्हींना लॉक, कॅश आणि शेड्युलिंगचा जादा खर्च पडतो असं त्यांना दिसलं. अनेक कोअरसाठी बांधलेला कर्नल एका कोअरवर चालवून तोच पाया धरला, तर हा खर्च आलेखात कुठेच दिसत नाही. रेषा छान आडवी येते, फक्त असायला हवी त्यापेक्षा खाली.

एक गृहपाठ देऊन थांबते. २०१० चा पेपर, २०१२ चं ‘ॲफिनिटी-ॲक्सेप्ट’ आणि २०१७ चं ‘झायगॉस’ याच क्रमाने वाचा, आणि प्रत्येकाबद्दल एकच वाक्य लिहा: ‘हे स्केल होतं, जोपर्यंत…’ ‘जोपर्यंत’च्या पुढचं वाक्य तुम्हाला पेपरच्या सारांशातून उचलावं न लागता स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं, की समजा पेपर वाचून झाला. आणि त्या ‘जोपर्यंत’मधली एखादी अट तुमच्या ओळखीच्या खऱ्या भारात मोडताना दिसली, तर संशोधनाचा विषय शोधत तुम्हाला आणखी लांब जायची गरज नाही.